शाळेच्या पथकासाठी लेझीम: लाकडी की पाइपची?

खेळसाहित्याच्या दुकानात शालेय लेझीम दोन तऱ्हेची मिळते. एक जुनी, लाकडी दांड्याची. दुसरी लोखंडी पाइपची, वरून रंग किंवा प्लॅस्टिकचं आवरण चढवलेली. बाकी रचना तीच: साधारण 15 ते 18 इंचांचा दांडा, दोन्ही टोकांना जोडलेली साखळी, साखळीत चकत्यांच्या जोड्या आणि मधोमध धरायची मूठ. आठवी ते दहावीच्या पथकासाठी घ्यायची तर लाकडीच घ्यावी. मात्र दुकानदार पोत्यातून मोजून काढून देईल ती तशीच उचलू नये, कारण लाकडीतही दोन जाती आहेत आणि फरक निकेलच्या चकाकीखाली दडलेला असतो.

तो फरक टोकाला दिसतो. स्वस्त लेझीममध्ये दांड्याच्या टोकात आकडा स्क्रूसारखा सरळ पिळलेला असतो, म्हणजे लाकडाच्या रेषांच्याच दिशेनं. अशा जागी स्क्रूची पकड मुळातच कच्ची. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा काही कळत नाही. दिवाळीनंतर ते आटतं, आकडा सैल होतो, आणि नेमकी 26 जानेवारीच्या रंगीत तालमीत साखळी निसटून शेजारच्याच्या तोंडावर जाते. चांगल्या लेझीमला टोकाशी पत्र्याची शेंबी, म्हणजे टोपीसारखं घट्ट कडं, बसवलेली असते आणि दांड्याला आडवं भोक पाडून खिळा आरपार घातलेला असतो, दोन्ही अंगांनी ठोकून रिव्हेट केलेला. शेंबीमुळे दांडा चिरत नाही, आरपार खिळ्यामुळे साखळी उपसून येत नाही. एवढ्या दोन गोष्टी असतील तर नगामागे पन्नास-साठ रुपये जास्त गेले तरी हरकत नाही.

यानंतर साखळीच्या कड्या. वाकवलेल्या तारेचं तोंड नुसतं जुळवलेलं असेल तर झटक्यांनी ते हळूहळू उघडतं. तोंडावर वेल्डिंगचा ठिपका हवा. तपासायची रीत सोपी आहे. दांडा बुटाखाली दाबा, मूठ दोन्ही हातांनी धरून पाच-सहा झटके द्या, मग प्रत्येक कडीच्या फटीत नख सरकतं का बघा. सरकलं तर तो नग बाजूला. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावं.

आवाजाचं गणित चकत्यांत आहे. पातळ डब्याच्या पत्र्याच्या चकत्या ‘खडखड’ करतात आणि त्यांच्या कडा बोटं कापतात. जरा जाड, कडा घासलेल्या चकत्या ‘छन्’ करून थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं आहे. ‘चार आवाज’ या प्रकारात, म्हणजे एक-दोन-तीन-चार अशा मोजणीवर खेळताना, प्रत्येक आकड्याला एकच ठोका ऐकू यायला हवा. चकत्या मागाहून वाजत राहिल्या की पुढचा आकडा त्यात बुडतो आणि मुलांचा ताल चुकल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंच्या जोड्या मोजून घ्याव्यात. एकीकडे चार आणि दुसरीकडे तीन असा माल सर्रास येतो. सगळे नग एकाच लॉटचे घ्यावेत, मागच्या वर्षीच्या वीस आणि यंदाच्या वीस अशी भेसळ केली की आवाज फाटतो. सांगलीत 26 जानेवारी 2014 रोजी 7,338 जणांनी एकत्र लेझीम खेळून गिनेसमध्ये नोंद केली. तेवढ्या गर्दीत दहा-वीस बेसूर लेझीम खपून जातील. 32 मुलांच्या पथकात एकही लपत नाही.

पाइपच्या लेझीमबद्दल थोडक्यात. तिला वाळवी लागत नाही, दांडा चिरत नाही, रंगीत असल्यानं फोटोत उठून दिसते. पण पोकळ पाइपचा स्वतःचा एक डबडा आवाज असतो, घामानं ती हातात फिरते, आणि टोकाशी कडीचं वेल्डिंग तुटलं की शाळेत दुरुस्त होत नाही. लाकडीचा खिळा कोणताही सुतार दहा मिनिटांत बदलून देतो. पाचवी-सहावीच्या मुलांना सरावापुरती हलकी म्हणून पाइपची चालेल.

वजनाचा विचार बहुतेक शाळा करतच नाहीत. लेझीम या शब्दाचं मूळ फारसीत आहे, अर्थ सरावाचं साखळीचं धनुष्य. आखाड्यातली जड लेझीम त्याच वळणाची, दंड आणि खांदे भरण्यासाठी. तशी लेझीम आठवीच्या मुलीच्या हातात दिली तर चौरुख बैठकीपर्यंत (चारही दिशांना वळून बैठक मारायचा प्रकार) मनगट उतरतं आणि हात छातीवरून पोटावर येतो. आमच्या मते आठवी ते दहावीला 600 ते 800 ग्रॅम ठीक. दुकानात वजनकाटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात एक नग तोलून घ्यावा. साखळीची लांबीही बघावी. मूठ ताणून ओढल्यावर दांडा आणि मूठ यांत वीत-सव्वा वीत अंतर राहिलं की बरोबर. जास्त असेल तर साखळी खाली झुकून गुडघ्यावर आपटते, आणि मुलं मार चुकवायला हात लांब धरायला लागतात. ती सवय नंतर मोडत नाही.

दांड्यावरचं गुळगुळीत ऑइल पेंट दिसायला झकास, धरायला वाईट. मधला पाच-सहा इंचांचा भाग पॉलिश पेपरनं घासून कोरा करावा. लोखंडी मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवला की तळहाताला फोड येत नाहीत. झेंडूच्या रंगाचे गोंडे लावायचे असतील तर दांड्याच्या टोकाला लावावेत, साखळीला लावले की आवाज मरतो.

किती घ्यायच्या? आठ-आठच्या चार रांगा धरल्या तर 32; वर चार जादा, म्हणजे 36. ऐन कार्यक्रमात एखादी तरी तुटतेच. प्रत्येक दांड्यावर क्रमांक टाकून मुलाला तोच नग कायम द्यावा. आपली लेझीम म्हटली की मुलं ती फेकत नाहीत. तीन कोटेशनं, जीएसटीचं पक्कं बिल आणि डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला) नोंद त्याच आठवड्यात व्हावी, नाहीतर ऑडिटला त्रास क्रीडाशिक्षकालाच. ऑनलाइन मागवायची झाली तर आधी एकच नग मागवून बुटाखालची परीक्षा घ्यावी. फोटोत शेंबी दिसते, खिळा दिसत नाही.

साठवण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. 15 ऑगस्टला भिजलेल्या लेझीम तशाच पोत्यात कोंबून जिन्याखाली टाकल्या की जानेवारीत गंजलेला, एकमेकांत गुंतलेला गोळा बाहेर निघतो. कोरड्या फडक्यानं पुसून भिंतीवर खिळ्यांची रांग करून टांगाव्यात, साखळी खाली. महिन्यातून एकदा साखळीला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा, अगदी पुसट. तेल जास्त झालं तर चकत्या चिकटतात आणि पांढऱ्या गणवेशावर काळे डाग पडतात, ज्याची तक्रार घेऊन पालक मुख्याध्यापकांकडे जातात.

लेझीमच्या जोडीला हलगी घेणार असाल तर कातडी आणि फायबर दोन्ही मिळतात. नाद कातडीचाच. पण ऑगस्टच्या दमट हवेत ती ढिली पडते, वाजवण्याआधी कागदाचा जाळ करून शेकावी लागते, आणि प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले की पुन्हा शेकावी लागते. पाहुणे वेळेवर येण्याची खात्री नसलेल्या शाळांनी 15 ऑगस्टसाठी फायबरची ठेवावी आणि कातडी हलगी जानेवारीच्या कोरड्या थंडीत बाहेर काढावी.

शेंबी आणि आरपार खिळ्याची लाकडी लेझीम: पाचपैकी साडेचार. पिळलेल्या आकड्याची: दीड, तोही दांडा नंतर सुताराकडून नीट करून घेता येतो म्हणून. पाइपची: अडीच.