मोटो जी३४ ५जी: आईच्या हातात पाहिलेला बजेट फोन

दहा-बारा हजारात आईबाबांसाठी कोणता फोन घेऊ असं सगळेच विचारून राहिले म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही आईसाठी मोटो जी३४ ५जी घेतला, ८ जीबी रॅमवाला. २०२४ च्या जानेवारीत भारतात आला तेव्हा ४ जीबीवाला १०,९९९ अन् ८ जीबीवाला ११,९९९ ला होता. आता भाव वरखाली झाला असेल, आमच्या नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा तुमच्याकडे दोन-चार दुकानात विचारूनच घ्या. पण हजाराचाच फरक असेल तर सरळ ८ वाला घ्या, ४ जीबी आजकाल व्हॉट्सॲप, यूट्यूब अन् पेमेंटच्या ॲपमध्येच संपून जाते.

स्क्रीन ६.५ इंची आहे, १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं होते, पण रिझोल्यूशन फक्त एचडी प्लस, म्हणजे १६०० बाय ७२०. यावरून लोक नाकं मुरडतात. माझं म्हणणं असं की आई अक्षरं एवढी मोठी करून वाचते की तिला फुल एचडी अन् यात काहीच फरक दिसत नाही, तिला फरक पडतो टचचा. आधीच्या जुन्या फोनवर ती बोट जोरात दाबायची, मग भलतंच उघडायचं, अन् फोन बाजूला ठेवून द्यायची. यावर हलकंसं बोट लावलं की काम होते, स्क्रोल करताना अडकत नाही.

अन् खरी मजा पुढे आहे. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडताना हँडरायटिंगचा पर्याय निवडता येतो (बहुतेक ॲन्ड्रॉइडवर आहे हे, कोणी सांगत नाही पण). कीबोर्डच्या जागी कोरी पाटी येते, तिच्यावर बोटानं लिहायचं. आईनं पहिल्यांदा "बाळा जेवला का" लिहिलं, तिचा तो गाठीचा ळ, काना थोडा वाकडा, तरी बरोबर टाइप झालं. "हे तं माह्यं अक्षर वाचते रे!" म्हणाली अन् मावशीला तेव्हाच मेसेज केला. देवनागरीच्या कळा शोधत बसणाऱ्या प्रत्येक घरी हे चालू करून द्या, कळकळीनं सांगतो.

फिंगरप्रिंट बाजूच्या बटणावर आहे. ज्यांचा जन्म धुणीभांडी करण्यात गेला त्यांच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, कोणत्याही कंपनीच्या सेन्सरला त्या वाचणं जड जाते, म्हणून एकच बोट दोन-तीनदा वेगवेगळ्या कोनातून नोंदवा अन् सोबत सोपा पिन ठेवा. लाईट गेली की फोन हातात धरून दोनदा कापल्यासारखा झटकायचा, टॉर्च लागतो. मोटोरोलाची ही जुनी सोय आहे अन् आईला तीच सगळ्यात जास्त आवडते.

बॅटरी ५००० एमएएच. आईच्या वापरात सकाळी चार्ज केला की रात्रीपर्यंत बघावं लागत नाही, अन् चार्जर डब्यातच मिळतो. चार्जिंग फार वेगाचं नाही, त्यामुळे घाईच्या माणसाला हळू वाटेल. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, तेव्हा कोणताही फोन तापला की चार्जिंग आपोआप मंद होते अन् स्क्रीनचा उजेड कमी होते, हा बिघाड नाही, बॅटरी वाचवायची पद्धत आहे. गाडीच्या डिक्कीत ठेवून उन्हात गाडी लावू नका अन् कूलरसमोर चार्जिंगला लावताना पाण्याचे तुषार येतात तिथं ठेवू नका, आयपी५२ म्हणजे थोडेसे शिंतोडे सहन करते, पाण्यात बुडवायचा फोन नाही हा.

हेडफोनचं जुनं गोल भोक आहे, आईचे साधे इअरफोन चालतात, भजन ऐकताना ब्लूटूथची झंझट नाही. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ६९५, रोजच्या कामाला भरपूर.

कॅमेरा ५० मेगापिक्सेल अन् सोबत २ चा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा), तो मॅक्रो नसता तरी चाललं असतं. दिवसा अंगणातल्या तुळशीचा, नातवाचा फोटो छान येते. ४के, म्हणजे फुल एचडीपेक्षाही बारीक तपशिलाचा व्हिडिओ मात्र मिळणार नाही, हा प्रोसेसरच तो काढू शकत नाही, तर लग्नाचं शूटिंग करायचं असेल किंवा रील बनवायच्या असतील तर बजेट वाढवून दुसरा पाहा.