ओबीडी स्कॅनर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, आणि माझी गाडी चालता चालता बंद का पडायची

कोल्हापूर ते गारगोटी हा माझा रोजचा अप-डाऊन. मी शाळेत शिकवते. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, साधी मॅन्युअल. गेल्या नोव्हेंबरात बिद्रीच्या अलीकडे ती पहिल्यांदा चालता चालता बंद पडली. कारखान्याचा सीझन सुरू झालेला. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे एसटी. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्या-तिसऱ्यांदा पॅडल दगडासारखं घट्ट. कशीबशी साइडपट्टीवर घेतली. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्या सेल्फला सुरू!

पुढच्या महिनाभरात हे चार वेळा झालं. एका गॅरेजने आधी प्लग बदलले, मग फ्यूएल फिल्टर, मग टाकीतला पंप. दर वेळी बिल भरायचं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा रस्त्याकडेला उभं राहायचं. त्या लोकांची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. गाडी त्यांच्याकडे गेली की बंदच पडायची नाही, त्यामुळे ते अंदाजाने पार्ट बदलत राहिले. पण त्या अंदाजाचे पैसे माझे जात होते, आणि मागून येणाऱ्या एसटीची धडकी माझ्या पोटात होती.

तेव्हा शाळेतल्या एका सरांनी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र, घ्यायला सुचवलं. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा आणि मोबाइलवर अॅप उघडायचं. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त स्कॅनर हे ईएलएम३२७ या कॅनेडियन चिपच्या नकला आहेत. मी पहिला घेतला तो अगदी स्वस्तातला होता. दर पाच-दहा मिनिटांनी त्याचं कनेक्शन तुटायचं, म्हणून परत केला. दुसरा साडेबाराशेला पडला, तोच आजवर वापरते आहे. आयफोन असेल तर घेण्याआधी तो चालतो का हे नक्की विचारा. साध्या ब्लूटूथचे बरेच स्कॅनर आयफोनला जोडलेच जात नाहीत.

पहिल्या दिवशी मोठ्या आशेने स्कॅन केलं. एकही फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडाचा नंबर, नाही! खूप निराश झाले. स्कॅनर म्हणजे रोगाचं नाव छापून देणारं मशीन असा माझा समज होता, तो तिथेच गेला. मग सरांनी लाइव्ह डेटा रेकॉर्ड करायला शिकवलं. निघताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), वेग, बॅटरी व्होल्टेज, इंजिनचं तापमान आणि फ्यूएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा) एवढे आकडे निवडायचे, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मोबाइल पर्समध्ये टाकायचा. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते. आकडे घरी येऊन निवांत बघता येतात.

सहाव्या दिवशी मुदाळतिट्ट्याजवळ गाडी बंद पडली आणि ते सगळं रेकॉर्ड झालं. वेग ४६, व्होल्टेज १४ च्या आसपास, तापमान नेहमीचं, ट्रिम ठीक. आणि आरपीएम १९०० वरून एकाच नोंदीत शून्य.

तो ग्राफ घेऊन मी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीमामांकडे गेले. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, बंद पडली तवा क्लच दाबला हुता का न्हाई?"

मला आठवत होतं. पुढे रस्ता मोकळा होता, गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि घाबरून मी क्लचवर पायच नेला नव्हता.

"मग इंजिन थांबंलच कसं? चाकं फिरत्यात, गिअर टाकलाय, क्लच सोडलाय. म्हंजे इंजिन फिरायलाच लागलंय. आन् ह्यो मोबाइल म्हंतोय शून्य. ह्यो खोटं बोलतोय. न्हाई, ह्याला कुनीतरी खोटं सांगतंय."

ते खोटं सांगणारा निघाला क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. इंजिन फिरतंय का, किती वेगाने फिरतंय, पिस्टन कुठे आहे हे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हाच सेन्सर सांगतो. त्याचा सिग्नल गेला की इंजिन थांबलं असं समजून ईसीएम स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. सेन्सरच्या आतल्या बारीक तारेचा जोड तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो, म्हणून वीस मिनिटांत गाडी सुरू. पेट्रोल कमी पडत असतं तर आरपीएम असा कड्यावरून पडल्यासारखा गेला नसता. आधी गाडी झटके देते, ओढ कमी होते, ट्रिमचा आकडा वर चढायला लागतो. म्हणजे पंपाचा खर्च नाहकच झाला होता.

मामांनी तेवढ्यावर सेन्सर बदलला नाही, हे मला फार आवडलं. गार इंजिनवर मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला, तो ठीक आला. मग कळंब्यापर्यंत चक्कर मारून, तापल्या इंजिनवर पुन्हा मोजला तर मीटर काहीच दाखवेना. वायर आणि कनेक्टरही तपासले, कारण पी०३३५ हा या सेन्सरचा कोड आला तरी तो फक्त त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, दोष वायरचाही असू शकतो. आमच्या गाडीत तो कोड आला सेन्सर काढायच्या आदल्या दिवशी, तोही पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेला. जानेवारीत नवा सेन्सर बसवला. त्यानंतर तशी गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

एप्रिलमध्ये एसी लावून दसरा चौकात सिग्नलला उभी असताना दोनदा बंद पडली. रेकॉर्डमध्ये आरपीएम ८०० वरून थरथरत ५०० वर येताना दिसला. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेवर, कार्बन चढला होता, साफ केल्यावर काम झालं.

जुलैतला प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. भर पावसात वायपर, लाइट, ब्लोअर सगळं चालू असताना गाडी डॅशबोर्डसकट गेली. घरी रेकॉर्ड उघडलं तर आरपीएम पडल्याची नोंदच नाही, रेकॉर्डिंग मध्येच तुटलेलं. मला वाटलं स्कॅनर बिघडला. मामा म्हणाले, सोळा नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट करंट असतो. डबाच मेला म्हणजे करंटच तुटला, इंजिनकडे बघूच नका. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलचा बॉडीवरचा बोल्ट गंजून सैल झाला होता. घासून घट्ट केला, वर ग्रीस लावलं.

तक्रारी आहेत. हा स्कॅनर माझ्या गाडीत एबीएस किंवा एअरबॅगचं काही वाचत नाही. फ्यूएल प्रेशर तर माझ्या गाडीला त्याचा सेन्सरच नसल्यामुळे दिसत नाही, ते गेज लावूनच बघावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभी राहते तशी माझी मे महिन्यात दोन आठवडे उभी होती, डबा काढायचा राहिला आणि बॅटरी उतरली. अॅपमधलं कोड पुसायचं बटण तर उगाच दाबूच नका; कोडबरोबर त्या क्षणाचे साठवलेले आकडेही जातात, आणि मिस्त्रीला तेच हवे असतात.

चालती गाडी बंद पडली तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच असतो, म्हणून एकदाच जोर लावून दाबून धरा. चावी पूर्ण मागे फिरवू नका, गाडी चालती असताना स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावा आणि डावीकडे घ्या.

आता पुन्हा ऊसतोडीचा सीझन येईल. स्कॅनर ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, आणि मामांनी काढून दिलेला जुना सेन्सरही त्याच्या शेजारी ठेवला आहे. शाळेतल्या आणखी दोघींच्या गाड्या दाखवायच्या आहेत, त्यातल्या एकीची फक्त चढावर बंद पडते.