मैदानावरच्या उन्हासाठी काय घ्यावं: सनस्क्रीनचं जेल, स्टिक, स्प्रे की फुल बाह्यांचा टी-शर्ट?

पुण्यात शाळेचे सामने सणस मैदानावर असोत की बालेवाडीला, मुलांची शर्यत मिनिटभरात आटोपते, पण आपल्या नंबराची वाट बघत ती सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसून असतात. डिसेंबरात हवा गार असली आणि अतिनील किरणं उन्हाळ्यापेक्षा कमी असली, तरी त्वचेला त्रास होण्याइतकी ती असतातच. त्यामुळे विकत घेताना मी आधी हे बघते, की दोन तासांनी आपलं पोरगं सनस्क्रीन स्वतःहून परत लावेल का?

या कसोटीवर फुल बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यांत पुढे. एकदा घातला की विषय संपला. यूपीएफ ५० (कापड अतिनील किरणं किती अडवतं त्याचा आकडा) लिहिलेलं कापड फक्त सुमारे २ टक्के किरणं आत सोडतं. साधा पातळ पांढरा सुती टी-शर्ट मात्र घामाने भिजला की बराच निकामी होतो. टोपी हवीच, पण नेहमीच्या क्रिकेट कॅपने कान आणि मान उघडीच राहते.

चेहऱ्याला जेल की क्रीम? पिंपल्सच्या वयात जेल. जाड क्रीमने चेहरा तेलकट, पांढरट दिसतो आणि मग मुलं ते लावायचंच टाळतात. एसपीएफ हा सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा: एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील किरणं) अडवतं, ५० सुमारे ९८. फरक एवढासाच, पण आपण सगळेच हात आखडून लावतो, म्हणून ५० घ्या. सोबत पीए+++ (यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासून संरक्षणाची खूण) आणि वॉटर रेझिस्टंट आहे ना ते बघा. दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. घरून निघतानाच लावून पाठवा.

दुसऱ्या वेळेसाठी स्टिक. मातीचे हात न लावता नाक, कान, गालांवर तीन-चारदा फिरवता येते, आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरण्याचा त्रासही कमी. अख्ख्या हातापायांना मात्र ती पुरत नाही.

स्प्रे मी घेणार नाही. मोकळ्या मैदानात अर्धा वाऱ्यावर जातो, किती लागला ते कळत नाही, आणि तोंडावर मारला तर श्वासात जातो.

कबड्डीवाल्यांचं वेगळं. अंगाला तेलकट, निसरडं काही लावून खेळणं नियमात बसत नाही. त्यांच्या हातापायांना क्रीम नको. सामना नसेल तेव्हा फुल बाह्या, ट्रॅक पँट आणि मंडपाची सावली. चेहऱ्याच्या जेलबद्दलही सरांना आधी विचारून ठेवा.