डीडीयू आठ महिने वापरल्यावर: गेम क्रॅश झाला की ड्रायव्हर धुवायचाच का?

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजेच डीडीयू, हे वॅग्नार्डसॉफ्टचं मोफत टूल. ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा) फायली, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नोंदी आणि शेडर कॅशे (गेमची चित्रं रंगवायच्या तयार कोडचा साठा) यांसकट उपटून काढतं. वापर आठ महिने आणि तीन मशिनवर, ग्राफिक्स कार्डं वेगवेगळी: एकात एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060, दुसऱ्यात एएमडीचं आरएक्स 6600, तिसऱ्यात राजारामपुरीतून सेकंडहँड घेतलेलं आरएक्स 580.

टूल चोख आहे. पण कोल्हापुरात गेम बंद पडला की "भावा, डीडीयू मार" हा सल्ला चहाबरोबर मिळतो, आणि तिथंच घोळ होतो. क्रॅश रॅममुळे असेल, पॉवर सप्लायमुळे असेल, तर ड्रायव्हर कितीही घासून धुवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून आधी पाच मिनिटं इव्हेंट व्ह्यूअरला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीला, द्या. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. क्रॅशची वेळ गाठा. सोर्स 'डिस्प्ले' आणि आयडी 4101 दिसला तर ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजनं त्याला पुन्हा उभं केलं, असा त्याचा अर्थ. विंडोज कार्डाच्या उत्तराची 2 सेकंद वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर रीसेट करतं. याला टीडीआर म्हणतात. 60 सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा असं झालं की निळी स्क्रीन, कोड 0एक्स116. याउलट कर्नल-पॉवर 41 दिसला आणि मशिन थेट रीस्टार्ट झालं असेल तर आधी वीज आणि पॉवर सप्लाय बघा. व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) एरर असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्ड.

4101 आला म्हणजे ड्रायव्हरच गुन्हेगार, असंही नाही. कंपनीनं जास्त क्लॉकवर (वेगावर) सोडलेलं कार्ड डळमळलं तरी हीच नोंद पडते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या हेल्प मेनूत 'डीबग मोड' आहे. त्यानं कार्ड एनव्हिडियाच्या मूळ क्लॉकवर येतं. एएमडीवर आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या टूलमधून कोअर क्लॉक 50 मेगाहर्ट्झ खाली आणा. त्यानंतर गेम दोन तास चालला तर ड्रायव्हरला हात लावू नका. बायोसमधलं (मशिन सुरू होतानाच्या सेटिंग्जमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवणारी सेटिंग, बंद करूनही एकदा बघा, फुकटची चाचणी आहे.

एवढं करून ड्रायव्हरवरच संशय राहिला तर डीडीयू. क्रम मोडायचा नाही:

नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेट तोडा, केबल असेल तर उपसा, वायफाय असेल तर बंद. ही पायरी लोक गाळतात आणि मग रडतात, कारण ड्रायव्हर निघाल्या निघाल्या विंडोज अपडेट स्वतःजवळचा जुना ड्रायव्हर मागच्या दारानं आत घालतं. नव्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर आणि हा पाहुणा एकमेकांच्या पायात येतात.

मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि 4 दाबून सेफ मोड. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) चालू असेल तर इथं 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं, ती आधीच दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर घ्या. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. खात्याचा पासवर्ड माहीत असायला हवा. एमएसकॉन्फिगमधून (विंडोजच्या बूट सेटिंगच्या खिडकीतून) सेफ बूटची खूण करून जाणाऱ्यांची इथं फजिती होते: पासवर्ड आठवत नाही, खूण काढता येत नाही, मशिन पुन्हा पुन्हा सेफ मोडमध्येच उठतं.

डीडीयूमध्ये उजवीकडे आधी 'जीपीयू', मग कंपनी निवडा आणि 'क्लीन अँड रीस्टार्ट'. कार्डच बदलायचं असेल तर 'क्लीन अँड शटडाउन'. लॅपटॉपवर इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर फक्त एनव्हिडिया काढा, इंटेलला डिवचू नका. रीस्टार्टनंतर स्क्रीन ढोबळ आणि अक्षरं मोठी दिसतील. घाबरू नका, ड्रायव्हर नाही म्हणून तसं आहे. नवा टाका, परत रीस्टार्ट, मगच इंटरनेट.

सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकायची घाईही नको. 2025 च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या 572 मालिकेत काळ्या स्क्रीनच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. बरेच जण डिसेंबर 2024 च्या 566.36 वर परतले, आणि एप्रिलमधल्या 576.02 मध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी आली. जो ड्रायव्हर नीट चालतोय त्याचा इन्स्टॉलर दुसऱ्या ड्राइव्हवर जपून ठेवा. दर अपडेटला डीडीयू मारायची गरज नाही, असं ते बनवणाराच सांगतो. अडचण असेल तेव्हा, किंवा एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना, एवढंच.

साफसफाईनंतरचा पहिला तास गेम अडखळतो. शेडर कॅशे गेलेली असते, ती पुन्हा बनते. "आधीपेक्षा वाईट झालं" म्हणून लगेच निकाल देऊ नका, आणि गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर पूर्ण होऊ द्या.

आता टूलची खोड. विंडोज अपडेटकडून ड्रायव्हर येऊ न देण्याचा पर्याय त्यात आहे, आणि तो चालू केला की काम संपल्यावरही तसाच राहतो. परिणाम ग्राफिक्सपुरता नसतो. तीन महिन्यांनी प्रिंटर किंवा वायफाय डोंगल जोडावं आणि त्याचा ड्रायव्हर येऊ नये, कारण शोधता शोधता दम निघावा. डीडीयू परत उघडून डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज डीफॉल्टवर नेणारं बटण दाबलं की सुटतं. हे पडद्यावर ठळक सांगायला हवं होतं. एक स्टार इथं कापला.

टीडीआरचे 2 सेकंद रजिस्ट्रीतून 8 किंवा 10 करा, असा एक जुना उपाय फिरतो. रेंडरिंगच्या जड कामाला तो ठीक. गेममध्ये फक्त गोठलेली स्क्रीन जास्त वेळ बघायला मिळते.

13 व्या आणि 14 व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरवाल्यांनी तर डीडीयूच्या आधी बायोस बघावं. अनरिअल इंजिनवरचे गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणत बंद पडायचे, कार्डावर भरपूर मेमरी शिल्लक असताना. दोष प्रोसेसरच्या व्होल्टेजचा निघाला. इंटेलनं 2024 मध्ये मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) दिले, सप्टेंबरमधला 0एक्स12बी त्यातला महत्त्वाचा. मात्र झिजलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. इंटेलनं वॉरंटी दोन वर्षं वाढवलीय.

आरएक्स 580 वर डीडीयूनं काहीच बदललं नाही, आणि दोष डीडीयूचा नव्हता. क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या या कार्डांचं स्वतःचं बायोस बरेचदा बदललेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 43 दिसतो किंवा मेमरीच्या वेगामुळे गेम कोसळतो. काही मॉडेलवर दोन बायोसचं छोटं स्विच असतं. मशिन बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवलं की मूळ बायोस मिळायची शक्यता. सेकंडहँड घेताना जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये शेडरचा (कार्डातल्या गणन-घटकांचा) आकडा बघा: खऱ्या 580 ला 2304, आणि 2048 असेल तर ते कमी ताकदीचं.

पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते तेव्हा घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेमिंग मशिन चालवू नका. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज घेण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेले) पॉवर सप्लाय त्यावर रुसतात, बदलाच्या क्षणी मशिन पडतं आणि लॉगमध्ये 41 चढतो. साइन वेव्ह यूपीएस घ्या. केबलही तपासा: मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॉट, 8 पिनच्या वीज जोडणीतून 150 वॉट. दोन 8 पिनच्या कार्डाला पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल द्यायच्या, एकीचंच दुसरं शेपूट नाही.