उद्यमबागेत रोटरी इंजिनाची अडॅप्टर प्लेट आणि फ्लायव्हील करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

बेळगावात लेथ-मिलिंगवाल्यांची कमी नाही, पण जॉब हातात घ्यायच्या आधी ड्रॉइंग पूर्ण वाचून प्रश्न विचारणारे कमी, आणि हे शॉप तसलं आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. उद्यमबागेत, खानापूर रोडवरनं आत वळलं की आहे, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन लेथ, एक जुनं रेडियल ड्रिल, रोजचं काम म्हणजे फौंड्रीच्या कास्टिंगचं मशीनिंग. नाव इंटरनेटवर टाकू नका म्हणाले मालक, म्हणून टाकत नाही, पाहिजे असेल त्यांनी मेसेज करा, पत्ता देतो.

काम काय होतं ते सांगतो. माझा मावसभाऊ न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतोय, त्याची टोयोटा एमआर टू ही स्पोर्ट्स कार आहे, दुसऱ्या पिढीतली, १९८९ ते १९९९ मध्ये निघायची ती. इंजिन सीटच्या मागं आणि मागच्या चाकांच्या पुढं, तेपण आडवं. मूळचं दोन लिटरचं थ्री एस जीटीई टर्बो काढून त्यात माझदाच्या आरएक्स सेव्हन गाडीचं १३बी रोटरी इंजिन घालायचं त्याच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे सगळं मिळून १३०८ सीसी, आणि तरी १९९१ च्या जपानी मॉडेलला ट्विन टर्बोवर २५५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप)! रोटर एक फेरा मारतोय तोवर शाफ्ट तीन फेरे मारतोय, म्हणून ते आठ हजार आरपीएमलासुद्धा दमल्यासारखं वाटत नाही. इंजिन इतकं आटोपशीर असतंय की सीटमागच्या त्या अडचणीच्या जागेला ते शोभतंय, हे माझं मत.

गिअरबॉक्स मात्र टोयोटाचाच ठेवायचा होता, ई १५३ नावाचा. आता माझदाच्या इंजिनाची भोकं एकीकडं आणि टोयोटाच्या बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सचं इंजिनाला जुळणारं तोंड) दुसरीकडं, मग मधी अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट लागते, तीच अडॅप्टर प्लेट, आणि त्या प्लेटचं सगळं अवघड काम म्हणजे सेंटर. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत नाही आले तर बेअरिंग आणि क्लच प्लेटची स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) खराब होणार, आणि एवढं उघडून परत बसवणं म्हणजे काय ते ज्यांनी मिड-इंजिन गाडीवर काम केलंय त्यांनाच ठाऊक.

भावानं स्कॅन करून फाइल पाठवली. दुसऱ्या कुणी सरळ मशीनवर लावली असती. इथं मालक म्हणाले, "एवढी महागाची प्लेट एकदम कापायची नाही ओ, आधी तीन मिलीच्या पत्र्यावर लेझरनं प्रोफाइल काढून देतो, ते तिकडं लावून बघू दे की." पत्रा गेला, भावानं बोल्ट घालून बघितलं आणि एक भोक खरंच सरकलेलं निघालं, स्कॅनमध्येच चूक होती. ते दुरुस्त करून मग ६०६१ ग्रेडच्या अॅल्युमिनियमची प्लेट व्हीएमसीवर, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं रीमरनं अचूक मापाला, शेवटी डायल (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) लावून माझ्यासमोर सेंटर फिरवून दाखवलं. सुई जेमतेम हलली.

फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाची, गोष्ट त्याच्यापेक्षा भारी. रोटर शाफ्टच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकून फिरतोय, म्हणून रोटरी इंजिनाला पुढं-मागं मुद्दाम काउंटरवेट (तोल साधणारं वजन) असतंय. मॅन्युअल गाडीत मागचं वजन फ्लायव्हीलमध्येच ओतलेलं असतंय, ऑटोमॅटिकमध्ये ते वेगळं निघतंय. भावानं ते ऑटोमॅटिकवालं काउंटरवेट सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर पाठवलं, त्याच्यावर आपलं फ्लायव्हील बोल्टनं बसणार. कामगारानं ते हातात घेतलं आणि एका बाजूनं जड आहे म्हणून दोन्ही जोडून ड्रिल मारून बॅलन्स करायला निघाला, डिझेल इंजिनाच्या कामाच्या सवयीनं. मालकांनी थांबवलं, आधी मला विचारलं, मग माझ्याच फोनवरनं भावाला व्हिडिओ कॉल लावून खात्री करून घेतली की हे वजन तसंच ठेवायचं, फ्लायव्हील एकटं वेगळं बॅलन्स करायचं. त्या एका फोननं इंजिन वाचलं. टोयोटाचा रिंग गिअर (स्टार्टर ज्याला फिरवतोय ती दातेरी कडी) तापवून बसवला, कारण स्टार्टर टोयोटाचा राहणार होता.

आता कमी काय ते पण सांगतो. सांगितलेल्या तारखेला मिळत नाही, फौंड्रीचं काम आलं की आपला जॉब मागं जातोय, फोन उचलत नाहीत, जाऊनच बसावं लागतंय. पॅकिंगकडं लक्ष कमी, नुसतं ऑइल लावून पेपरात गुंडाळत होते, समुद्रापार पाठवायचं म्हटल्यावर गंज धरणार, म्हणून व्हीसीआय पेपर, म्हणजे गंज रोखणारा कागद, मी आणून दिला. बिल मात्र चोख, मटेरियल, मशीनचे तास, बॅलन्सिंग सगळं वेगळं लिहून.

गाडी चालू झाली. आठ हजारपर्यंत नेली तरी थरथर नाही म्हणतोय भाऊ. गरमीचं त्याचं अजून चाललंय, रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर तापतोय आणि इथं तो सीटच्या मागं, रेडिएटर एकदम पुढं, त्यामुळं मोठा ऑइल कूलर आणि हीट शील्ड बसवतोय. त्यानंतर तिकडचं लो व्हॉल्यूम सर्टिफिकेशन, म्हणजे बदल केलेल्या गाडीची तपासणी आणि मंजुरी. आपल्याकडं रस्त्यावरच्या गाडीत इंजिन बदलायचं म्हटलं तर मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरटीओची परवानगी आधी, पाने-स्पॅनर नंतर.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर मालक फौंड्रीकडं असतात. ड्रॉइंगची प्रिंट आणि स्टेप फाइल (पार्टचं थ्रीडी मॉडेल) दोन्ही न्या, आणि जो पार्ट जुळवायचाय तो खरा पार्ट जमेल तर हातात घेऊनच जा.