सायकलवरचा खाऊ: सहाव्या तासाला काय घशाखाली उतरतं?

लांब राइडसाठी खाऊ निवडताना बहुतेक जण पाकिटामागचे आकडे वाचतात. मीही वाचते. पण मला हवी असलेली गोष्ट तिथे कुणी छापत नाही. सहाव्या तासाला, तोंडाला कोरड पडलेली असताना, हे घशाखाली उतरेल का? पहिल्या दोन तासांत काहीही खपतं, अगदी पुठ्ठासुद्धा. खरी परीक्षा त्यानंतर. मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास. वेग बेताचा, पण दिवसच्या दिवस सॅडलवर. शर्यतीत उतरणाऱ्यांना माझी काही मतं पटणार नाहीत.

आधी थोडा हिशोब. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, साठलेलं असतं. जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासांत हा साठा तळाला जातो. रमतगमत चालवलं तर चरबीही जळते म्हणून जास्त पुरतो, पण कधीतरी संपतोच. मग होतो तो बाँक. पाय जड होतात, उगाच चिडचिड होते, पुढचा कंट्रोल (वाटेतलं हजेरीचं ठिकाण) किती किलोमीटरवर ही साधी वजाबाकी जमत नाही. तो टाळायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत. अडीच तासांच्या पुढच्या राइडला ९० पर्यंत जाता येतं, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतील तरच. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबते, फ्रुक्टोजची वाट वेगळी असते. एनर्जी जेलच्या पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिनच्या (ही ग्लुकोजचीच साखळी) शेजारी फ्रुक्टोज दिसतं ते यासाठी. आणि ९० ग्रॅमला पोट सरावलेलं लागतं. माझ्या वेगाला ५० पुरतात, त्यामुळे त्या वाटेला मी जात नाही.

आता एकेक.

जेल. कागदावर याच्याइतकं सोयीचं काही नाही. एका पाकिटात २० ते २५ ग्रॅम कार्ब्ज, चावायचं नाही, चढावर धाप लागलेली असतानाही घेता येतं. घट्ट जेल आणि आयसोटॉनिक जेल यांत मात्र गल्लत करू नका. घट्ट जेल ३०-४० ग्रॅमचं छोटं पाकीट असतं आणि त्यावर पाणी प्यावंच लागतं, नाहीतर पोटात गोळा बसतो. आयसोटॉनिकमध्ये पाणी आधीच घातलेलं असतं, म्हणून तेवढ्याच कार्ब्जना ६० मिलीचं थुलथुलीत पाकीट होतं आणि खिसा लवकर भरतो. माझी तक्रार वेगळीच आहे, ती उघडण्याची. हातमोज्यांतून ती खाच सापडत नाही, मग दातांनी फाडायचं, फाडलेला तुकडा ओठाला चिकटतो, थेंबभर जेल ब्रेकच्या हुडवर, म्हणजे हात टेकतो त्या रबरी मुठीवर, पडतं आणि पुढचा अख्खा दिवस डावा अंगठा तिथे चिकटून सुटत राहतो. त्यात ती चव! तिसऱ्या पाकिटानंतर व्हॅनिला काय आणि बेरी काय, सगळं एकाच साबणाचं वाटायला लागतं. आमचे हे जेलवर दिवस काढतात आणि वर मलाच उपदेश करतात. त्यांची जीभ त्यांना लखलाभ. मी दोनच ठेवते, चढासाठी आणि अडीनडीला. कॅफीनवालं घेणार असाल तर किती मिलिग्रॅम ते वाचा. काहींत २५ असतं, काहींत १००. रात्री कंट्रोलवर तासभर डोळा लागावा असं वाटत असेल तर १०० वालं लांब ठेवा.

ओट्सचे बार. पोटाला आधार देण्यात हे जेलपेक्षा केव्हाही सरस. साधारण ६८ ग्रॅमच्या बारमध्ये चाळीसच्या वर कार्ब्ज निघतात, म्हणजे जवळजवळ तासाभराची सोय. पण ते चावावे लागतात, आणि चावताना श्वास घ्यायचा की गिळायचं हा प्रश्न उभा राहतो. पहाटेच्या थंडीत तर दगड होतात. माझी एक दाढ नाजूक आहे, तिला हे अजिबात मानवत नाहीत. मी घरीच बारचे चार तुकडे करून टॉप ट्यूबवरच्या (सायकलच्या वरच्या दांडीवरच्या) पिशवीत सुटे टाकते. वेष्टनाची कटकट जाते आणि थोडं थोडं तोंडात टाकलं जातं. तरीही हे सपाट रस्त्यावर आणि पहिल्या तीन-चार तासांतच. फायबर आणि चरबी जास्त असलेला बार पोटात रेंगाळतो.

केळं. मध्यम केळ्यात २७ ग्रॅम कार्ब्ज, आणि वेष्टन निसर्गानेच दिलेलं. २०१२ साली एका अभ्यासात सायकलस्वारांना ७५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाशी शर्यत) एकदा केळी आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक दिलं होतं. वेळेत फरक पडला नाही, केळ्यांनी पोट मात्र जास्त भरल्यासारखं वाटलं. माझा अनुभव तोच, तासाला एकापेक्षा जास्त केळं नको. सालीवर ठिपके पडलेलं घ्या, त्यात पिष्टाची साखर झालेली असते. जर्सीच्या मधल्या खिशात ठेवलंत तर पाठ वाकली की त्याचा लगदा झालाच. बाजूच्या खिशात, देठ वर.

खजूर. मोठ्या मेजूल खजुरात एकाला जवळपास १८ ग्रॅम कार्ब्ज, आणि साखर आपसूकच ग्लुकोज-फ्रुक्टोज मिश्र. तीन खजूर, झाला तास. बिया घरी काढा आणि आत मिठाचे दोन कण टाका, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. फक्त दिवसभर खजुरावर राहू नका, फायबर साठत जातं आणि त्याचा निकाल गैरसोयीच्या ठिकाणी लागतो.

आणि उकडलेला बटाटा. हसा खुशाल. लिंबाएवढे बटाटे सालीसकट उकडायचे, गरम असतानाच मिठात घोळवायचे, गार झाले की छोट्या झिपच्या पिशवीत. पाचव्या-सहाव्या तासाला गोडाचा वीट येतो तेव्हा ते खारट, मऊ, ओलसर काहीतरी तोंडात जातं आणि पुन्हा खावंसं वाटतं. चावायला कष्ट नाहीत, कोरड्या तोंडात चिकटत नाही, घामातून गेलेलं थोडं सोडियमही परत येतं. यातही अभ्यास झालाय. २०१९ मध्ये बटाट्याची प्युरे आणि जेल समोरासमोर ठेवले, कामगिरी सारखीच निघाली. प्युरे खाणाऱ्यांच्या पोटाला मात्र जास्त त्रास झाला, कारण तेवढ्याच कार्ब्जसाठी खूप जास्त खावं लागतं. शंभर ग्रॅम बटाट्यात वीसेक ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे तासाचे ५० फक्त बटाट्यातून हवे असतील तर पाव किलो झाला! म्हणून मी तासाला दोन-तीनच खाते आणि उरलेलं बाटलीतून घेते. एका बाटलीत कार्ब्ज पावडर, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हीत पावडर कधीच नाही. गोड तोंड धुवायला आणि खजुराचे हात चोळायला साधं पाणी लागतंच. उन्हात बटाटा दुपारनंतर नको, सकाळीच संपवा.

कोला मी खाऊतच धरते. ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर आणि थोडं कॅफीन. शेवटच्या टप्प्यात गॅस उडवून घेतलेला कोला जी तरतरी देतो ती कुठल्याच जेलला जमलेली नाही. पण एकदा सुरू केला की दर तासा-दीड तासाला काहीतरी गोड घेत राहावं लागतं, म्हणून दुपारी बारालाच हात घालू नका.

प्रोटीन बार राइडवर का नेतात हे मला कळलेलं नाही. वीस ग्रॅम प्रोटीन, कार्ब्ज जेमतेम, वर चॉकलेटचा थर जो दहा वाजता वितळून वेष्टनाला लागतो. घरी पोचल्यावर खा.