नाणी मी स्वतः मोजली होती, तरीही 2,10,000 डॉलरला फसलो

हे लिहायला मला चौदा महिने लागले. भावाला अजून सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. अमेरिकेत चालू कॉइन लाँड्री, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या-वाळवायच्या यंत्रांचं दुकान, विकत घ्यायच्या विचारात तुम्ही असाल, तर सौदा थांबवा आणि आधी हे वाचा. मी 2,10,000 डॉलर दिले. 90,000 आमची बचत, 1,20,000 घरावर काढलेलं कर्ज. कर्जाचा हप्ता महिन्याला 1,140, आणि दुकान चालू ठेवायला खिशातून वर 2,400.

मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत, हे आधी सांगतो. कारण आतापर्यंत ज्याला ज्याला सांगितलं, त्याचा पहिला प्रश्न हाच होता: 'अरे, पण तू चौकशी केली नाहीस का?' केली. सहा महिने केली. आठ दुकानं पाहिली, पाच नाकारली. वीस वर्षं नोकरी केली, दोनदा लेऑफ पाहिला, पन्नाशीच्या आत स्वतःचं काहीतरी हवं होतं. नोकर कमी, उधारी नाही, माल नासत नाही. विचार चुकीचा नव्हता, आजही म्हणतो.

दुकानात 24 वॉशर, 24 ड्रायर. विकणाऱ्याने गल्ला सांगितला आठवड्याला 3,900 डॉलर. महिन्याचं भाडं 4,800, पाणी-गॅस-वीज 3,900, साफसफाई 1,800, विमा-दुरुस्ती 1,200, आणि हे सगळं जाऊन महिन्याला 5,200 हातात. रोखीच्या धंद्यात बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून मी अट घातली की यंत्रांतल्या नाण्यांच्या पेट्या माझ्यासमोर उघडायच्या. तो लगेच म्हणाला, 'एकदा कशाला? तीन आठवडे या. स्वतः मोजा.'

तीन रविवार गेलो. 3,860, 3,940, 3,915. क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यांत, 3,900 डॉलर म्हणजे 15,600 नाणी, 88 किलो वजन. ती मी स्वतः उचलली, मोजणीच्या यंत्रात ओतली, वहीत आकडे लिहिले. घरी आलो तेव्हा खांदे भरून आले होते आणि मी खूश होतो.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो सांगतो. दुसरा रविवार. मागच्या ओळीतला सहा नंबरचा ड्रायर. त्याच्या पेटीतून 71 डॉलर निघाले, म्हणजे 284 क्वार्टर. एका क्वार्टरला सहा मिनिटं, म्हणजे तो ड्रायर त्या आठवड्यात अठ्ठावीस तास तापलेला असायला हवा. विकणारा नाणी पिशवीत भरत होता तोवर मी सहज म्हणून खालची लिंटची, म्हणजे वाळताना कपड्यांतून निघणारे तंतू अडवणारी, जाळी ओढली. कोरी. बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. शेजारची ओढली, तीही तशीच. मागची सहाच्या सहा. पुढच्या ओळीत मात्र प्रत्येक जाळीवर हातरुमालासारखा राखाडी थर होता, सोलून निघेल असा.

मी विचारलं. हे लक्षात घ्या, मी विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, 'साफ करणारी बाई मागची ओळ आधी झाडते.' आणि मी जाळी परत आत सरकवली.

आज ते दुकान माझं आहे म्हणून मला माहीत आहे: मागच्या ओळीपर्यंत गिऱ्हाईक जातच नाही. नाणी कुणीही टाकू शकतं. लिंट टाकता येत नाही, त्यासाठी खरे कपडे वाळावे लागतात.

पेट्यांमध्ये आपलीच नाणी टाकून ठेवायची चाल या धंद्यात जुनी आहे, तुम्ही ऐकली असेल. मीही वाचली होती. पण माझा हिशोब असा होता की तीन-तीन आठवडे एवढे पैसे कोण ओतेल? इथेच माझी अक्कल कमी पडली. सौदा पूर्ण होईपर्यंत गल्ला विकणाऱ्याचाच असतो! मी मोजून दिलेली प्रत्येक पिशवी तोच घेऊन जात होता, आणि तीच नाणी पुढच्या आठवड्यात पुन्हा पेटीत. त्या नाण्यांपायी त्याला एक डॉलरही खर्च आला नाही. स्टोअररूममध्ये क्वार्टरच्या रोलची फाटलेली नारिंगी वेष्टणं मी पाहिली होती. 'सुट्ट्या पैशांच्या यंत्रासाठी,' तो म्हणाला. तेही पटलं.

पाण्याचं बिल पाहिलं का, असं विचाराल. पाहिलं. पाण्यावरून धंदा ताडता येतो हे मला ठाऊक होतं. बिलावरचं एक युनिट म्हणजे शंभर घनफूट, 748 गॅलन. एका धुण्याला सरासरी 20 गॅलन धरलं की धुणी किती झाली ते निघतं. त्याने तीन महिन्यांची बिलं दिली: 92, 94, 91 युनिट. हिशोब बरोबर जुळला. खातं माझ्या नावावर झाल्यावर मी मागचा इतिहास काढला, तर त्याआधीच्या महिन्यांत 40, 38, 41. साफ करणारी बाई आता माझ्याकडे काम करते. तिने सांगितलं की रात्री अकरानंतर तो एकटा थांबायचा आणि क्वार्टर टाकून वॉशर रिकामेच लावायचा. थंड पाण्यावर. म्हणजे नाणीही वाढली आणि पाणीही. गॅस मात्र त्या महिन्यांत जागचा हलला नव्हता, कारण ना पाणी तापलं ना ड्रायर. गॅसचं बिल मी मागितलंच नव्हतं. पाण्याचं आणि गॅसचं, दोन्ही बिलं चोवीस महिन्यांची घ्या, आणि ती विकणाऱ्याच्या हातून नको, त्याची लेखी परवानगी घेऊन थेट कंपनीकडून.

आणि सगळ्यात जास्त जळतं ते हे, की खरा आकडा माझ्या हातात होता. त्याच्या टॅक्स रिटर्नवर वर्षाचा गल्ला 86,400 होता, आठवड्याला साधारण 1,660. याच कारणाने बँकेने मला धंद्यासाठी कर्ज नाकारलं. मी बँकेवर चिडलो. विकणारा हसून म्हणाला होता, 'रोखीचा धंदा आहे, सरकारला कुणी पूर्ण दाखवतं का?' मी सरकारशी खोटं बोलतो, असं तोंडावर सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला, आणि नेमकं रिटर्न तेवढं खरं निघालं. माझा आजचा गल्ला आठवड्याला 1,650 आहे. बँक नाही म्हणते तेव्हा घर गहाण टाकून पुढे जाऊ नका. बायको हेच म्हणाली होती.

पूर्ण रोख दिलीत तर 10,000 कमी करतो, असंही त्याने सांगितलं. माझा आग्रह होता की त्यातले 50,000 मी त्याला नंतर हप्त्याने द्यावेत. तो ढळला नाही आणि मी सूट घेतली. विकणारा आपले थोडेही पैसे सौद्यात अडकू देत नसेल तर उठून या. सौदा जुळवणारा ब्रोकर आपला नसतो, त्याचं कमिशन विक्रीवर असतं. आणि लीज, म्हणजे जागेचा भाडेकरार, वकिलाकडून वाचून घ्या, फॉर्म भरून देणाऱ्याकडून नव्हे. माझ्या लीजची तीन वर्षं चार महिने उरली होती. पुढची दहा वर्षं वाढवायचा हक्क होता, पण तो फक्त मूळ भाडेकरूला, पुढच्याला नाही. एक ओळ होती, सतराव्या पानावर.

आता तक्रारींचं. पोलिसांकडे गेलो. वही नेली, बिलं नेली, बाईचा लेखी जबाब नेला. काउंटरवरच्या माणसाने पहिलं पान उलटलं आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, खोटी नाणी भरून माझ्याकडून दोन लाख घेतले. तो म्हणाला, नाणी खोटी नव्हती ना? बाईचा जबाब त्याने हातातही घेतला नाही. राज्याच्या ग्राहक तक्रार कार्यालयाने सात आठवड्यांनी कळवलं की तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक खरेदीदार आहात. ब्रोकरना परवाने देणाऱ्या खात्याकडे तेहतीस पानं पाठवली. अकरा आठवड्यांनी तीन ओळींचं पत्र आलं, पुरावा अपुरा. कुठला पुरावा पुरेसा झाला असता, ते लिहिलं नाही. फोन केला तर चाळीस मिनिटं वाट पाहायला लावून दुसऱ्या खात्याचा नंबर दिला, आणि तो नंबर पहिल्याच कार्यालयाचा होता! तिथल्या बाईंनी माझा तक्रार क्रमांक विचारला, शोधला, आणि म्हणाल्या, 'ही तर बंद झाली आहे.' बंद कुणी केली? मला न विचारता? एकाही माणसाने दुकानात पाऊल टाकलेलं नाही, एकाने ते पाण्याचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेले नाहीत. पाचवीतलं मूल पाहील आणि सांगेल.

वकिलाने सुरुवातीलाच 15,000 मागितले, आणि करारातलं एक कलम दाखवलं: खरेदीदाराने स्वतः तपासणी केली असून त्याने विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबून निर्णय घेतलेला नाही. खाली माझी सही. मी काळजीने केलेली ती तीन आठवड्यांची मोजणी आता त्याच्या बचावाचा पुरावा आहे. म्हणूनच तो म्हणाला होता, स्वतः मोजा. हे कलम दिसलं तर सही करू नका, आणि गल्ल्याचा आकडा विकणाऱ्याच्या सहीने करारात लिहून घ्या. मोजणी करायचीच असेल तर न सांगता मधल्या वारी जा, दिवसभर बसा, दारातून कपड्यांच्या टोपल्या किती आत येतात ते मोजा. आणि प्रत्येक ड्रायरची जाळी ओढा. काय सापडलं ते त्याला विचारत बसू नका.

मी गप्पच राहणार होतो. पण गेल्या आठवड्यात त्याच ब्रोकरच्या यादीत आणखी एक लाँड्री आली आहे. 22 वॉशर, 24 ड्रायर, किंमत 1,95,000, विकणारा तोच. जाहिरातीची शेवटची ओळ आहे: 'तीन आठवडे या आणि स्वतः मोजून घ्या.'